विष कुठलं ते नंतर. आधी सांगा, ताट कुणी वाढलं?

पानउतारा (धागाकर्ती):

गेले दोन महिने ठरवून एकाच जातीचं वाचन चाललंय. साधारण १९२० ते १९६५ या काळातल्या इंग्रजी रहस्यकथा, त्यातही मधल्या लांबीच्या. लघुकथा म्हणावं तर पानं जास्त, कादंबरी म्हणावं तर एका बैठकीत संपतात. आपण त्यांना दीर्घकथा म्हणू. अट एकच ठेवली होती: भानगड जेवणाच्या टेबलावर सुरू झाली पाहिजे, आणि शक्यतो विषानेच. घरातले आता मी वाढलेलं आधी मलाच खायला लावतात, ते सोडा.

सुरुवात केली तेव्हा वाटलं होतं की विषांबद्दल बरंच काही कळेल. कळलं ते वेगळंच. या गोष्टींमध्ये विष हा सगळ्यात सोपा भाग असतो. तणनाशक, माश्या मारायचे कागद, उंदरांचं औषध, फोटो धुवायची रसायनं. त्या काळात कुणाच्याही मागच्या खोलीत काहीतरी सापडायचंच. अन्नात कालवायला स्वयंपाक करणाऱ्याने क्षणभर पाठ फिरवली की पुरे. पंचाईत त्यानंतर सुरू होते. टेबलाला दहा माणसं, सगळ्यांना तोच पदार्थ, आणि मरायला हवा एकच. ते त्याच्याच तोंडात जाईल याची खात्री कशी करायची? शेजारच्याने ताटली ओढून घेतली तर? त्या दिवशी त्याला भूकच नसली तर?

याचा सगळ्यात शुद्ध नमुना म्हणजे रेक्स स्टाउटची ‘पॉयझन आ ला कार्त’ (१९६०). ब्रिया-सावारँ या फ्रेंच खाद्यलेखकाचा जन्म १ एप्रिल १७५५ चा. त्या तारखेला न्यूयॉर्कमधलं खवय्यांचं एक मंडळ दरवर्षी मेजवानी करतं. या वेळी स्वयंपाकाला स्टाउटच्या नीरो वुल्फ या गुप्तहेराचा आचारी फ्रिट्झ आहे आणि वुल्फ स्वतः पाहुणा म्हणून आलाय. जो माणूस घराबाहेर पडायला तयार नसतो तो जेवायला मात्र पडला, हे आलंच. टेबलाला बारा जण, आणि वाढायला बारा तरुण अभिनेत्री, देवांना मद्य वाढणाऱ्या ग्रीक हीबीच्या वेशात. पहिलाच पदार्थ ब्लिनी (छोटी धिरडी), वर आंबट क्रीम आणि कॅव्हिआर. त्यातल्या एकाच ताटलीत आर्सेनिक.

बारा सारख्या ताटल्या, बारा सारख्या वेशातल्या मुली. आता सांगा. पुढची सगळी गोष्ट म्हणजे कोण कुठल्या दाराने आली, कुणाच्या हातात ताटली होती आणि कोण रिकाम्या हाताने परत फिरली याचा हिशेब आहे. आर्सेनिक बाजारात कुठून आणलं याला तिथे फारसं महत्त्वच नाही.

माझं म्हणणं असं की हा हिशेब दीर्घकथेतच नीट बसतो. एक जेवण, एक टेबल, मोजकी माणसं. कादंबरी झाली की लेखकाला दुसरा खून आणावा लागतो, मृत्युपत्र आणावं लागतं, परदेशातून परतलेला भाऊ आणावा लागतो, आणि मग ताटली बाजूला राहते.

तुम्हाला आठवणाऱ्या गोष्टी सांगा. खुनी किंवा क्लृप्ती सांगणार असाल तर वर ‘रहस्यभेद’ लिहायची कृपा करा.

रातकिडा:

रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर लिहितो.

मधलीसुट्टी:

वाचनखूण साठवली. वुल्फबद्दल एक भर. त्याच्या घरात जेवताना कामाचं बोलायचं नाही असा कडक नियम आहे. खुनाबद्दल विचारायला आलेला माणूस समोर बसलेला असतो आणि त्याला मुकाट्याने जेवावं लागतं. तपासाचा शब्द ताटापाशी न येऊ देणाऱ्या माणसाच्या ताटापाशीच खून घडवायचा, ही स्टाउटची खोडी मला फार आवडते. आणि त्या कथेत वुल्फ चवताळतो ते माणूस मेला म्हणून कमी, फ्रिट्झने रांधलेल्या अन्नाला हात लावला म्हणून जास्त.

शंकासुर:

धागा छान, पण मांडणी सगळीकडेच बसतेय म्हणून मला शंका. चॉकलेटच्या डब्याचं काय? अँथनी बर्कलीच्या गोष्टीत चॉकलेटं टपालाने येतात. वाढणारं कुणी नाही, टेबल नाही, ताटली नाही. तिथे तुमचा हिशेब कुठे गेला?

पानउतारा:

@शंकासुर, अहो तिथे तर हिशेब आणखी पक्का आहे. डबा क्लबमध्ये एका सरदाराच्या नावाने येतो. त्याला चॉकलेट नकोच असतं. तो चिडून शेजारी उभ्या असलेल्या ओळखीच्या माणसाला देऊन टाकतो, तो घरी नेतो आणि मरते त्या माणसाची बायको. सगळे विचारत बसतात की सरदाराचा वैरी कोण. म्हणजे प्रश्न ‘ताट कुणी वाढलं’ ऐवजी ‘ताट नक्की कुणाच्या नावचं होतं’ असा होतो. याहून पुढचं इथे बोलत नाही.

आणि तुम्ही आयतंच उदाहरण दिलंत. बर्कलीने हीच कल्पना दोनदा वापरली. ‘द अव्हेंजिंग चान्स’ ही छोटी कथा आणि १९२९ ची ‘द पॉयझन्ड चॉकलेट्स केस’ ही कादंबरी. कादंबरीत सहा जणांचं गुन्हेशोधक मंडळ एकामागून एक सहा उकली मांडतं. त्या कथेतली जी उकल, ती इथे सहांतली एक होते आणि पुढच्याच बैठकीत पडते. कथेत जे सत्य होतं ते कादंबरीत चूक ठरलं!

शंकासुर:

मग हे माझ्या बाजूचं झालं की. कादंबरीत जागा होती म्हणून सहा उकली मावल्या. आणि त्यावर नंतर दोघांनी भर घातली: क्रिस्टियाना ब्रँडने १९७९ मध्ये सातवी, मार्टिन एडवर्ड्‌सने २०१६ मध्ये आठवी. दीर्घकथेवर असा संसार उभा राहील का?

पानउतारा:

ती कादंबरी मला खुनाची वाटतच नाही, ती गुप्तहेरांची टिंगल आहे. पण मुद्दा घेतला.

खलबत्ता:

औषधनिर्माणशास्त्रात आयुष्य गेलं, त्यामुळे इथे तोंड उघडायचा मोह आवरत नाही.

विष हा सोपा भाग असं धागाकर्ती म्हणतात ते अर्धं मान्य. चांगल्या लेखकांकडे विष आपला पदार्थ निवडतं, आणि पदार्थ ठरला की प्रश्नही ठरतो. आर्सेनिक (म्हणजे पांढरा ऑक्साइड) जवळजवळ बेचव, आणि त्याची लक्षणं काही वेळाने येतात. उलट्या, जुलाब, पोटात पिळा. अन्न बाधलं किंवा कॉलरा झाला म्हणून डॉक्टर सहज फसत. म्हणून आर्सेनिकच्या गोष्टीत वाद असतो तो कुठल्या जेवणातून गेलं याचा. दुपारच्या की रात्रीच्या? घरच्या की बाहेरच्या?

सायनाइड मिनिटांत काम उरकतं. तिथे जेवण कुठलं हा प्रश्नच नसतो, माणूस हातात पेला असताना कोसळतो. त्यामुळे सायनाइड नेहमी पेयात, आणि शक्यतो सगळे एकदम पेला उचलतात त्या क्षणी. प्रश्न उरतो तो पेल्यापर्यंत हात कुणाचा पोचला. कडू बदामाच्या वासावर मात्र लेखकांनी जरा जास्तच भिस्त ठेवली आहे. तो वास कित्येकांना जन्मजात येत नाही. पोलिस अधिकारी वाकून हुंगतो आणि लगेच ओळखतो, हे प्रत्येक वेळी जमायचं नाही.

स्ट्रिक्निन भयंकर कडू. तिथे प्रश्न चव लपवली कशात. अगाथा क्रिस्तीच्या पॉयरो या गुप्तहेराच्या १९३५ च्या एका कथेत याचं उत्तर इतकं सुंदर आहे: जे न चावता गिळतात असं काय असतं? आणि त्या खाण्याचा पुरावा बागेत वाफ्याच्या कडेला चक्क

शंकासुर:

रहस्यभेद!!! रहस्यभेद लिहा हो आधी!

खलबत्ता:

क्षमस्व. अर्धंच लिहिलं होतं, अर्धंच ठेवतो.

कडूजहर:

@खलबत्ता, तुम्ही थांबलात पण मला कळलं. आता ती गोष्ट शोधून वाचणार आणि शहाणपणा मिरवणार.

क्रिस्तीला हे सगळं इतकं नेमकं कसं ठाऊक?

खलबत्ता:

पहिल्या महायुद्धात ती टॉर्कीच्या रुग्णालयात आधी परिचारिका होती, मग दवाखान्याच्या औषध विभागात गेली. त्यासाठीची परीक्षा तिने १९१७ मध्ये दिली. दुसऱ्या महायुद्धात लंडनमध्ये परत तेच काम. १९२० च्या तिच्या पहिल्या कादंबरीचं कौतुक औषधविक्रेत्यांच्या व्यावसायिक नियतकालिकात आलं होतं. साहित्याच्या पुरस्कारापेक्षा मला ते मोठं वाटतं. त्यातली स्ट्रिक्निनची युक्ती तर आमच्याच दुकानातली आहे: औषधाच्या बाटलीत ब्रोमाइड पडलं की स्ट्रिक्निन तळाशी बसतं आणि शेवटचा घोट जीव घेतो. औषध तयार करताना चुकून हे होऊ नये म्हणून आम्हाला पाठ करायला लावायचे.

(हा रहस्यभेद झाला का? शंभर वर्षं झाली हो त्याला.)

शंकासुर:

झाला. सोडला.

रातकिडा:

आलो. गोष्टी बाजूला ठेवून दोन खऱ्या घटना सांगतो, कारण हे लेखक वर्तमानपत्रं वाचूनच लिहीत होते.

पहिली ब्रायटनची. क्रिस्टियाना एडमंड्‌स या बाईचं एका डॉक्टरवर मन जडलं. १८७० मध्ये तिने त्याच्या बायकोच्या तोंडात स्वतःच्या हाताने चॉकलेट घातलं. ते कडू लागलं म्हणून तिने थुंकलं आणि ती वाचली. (खलबत्ताकाका, तुमचं स्ट्रिक्निन.) डॉक्टरला संशय आला. तो आपल्यावरून उडावा म्हणून बाईने काय करावं? दुकानातून चॉकलेटं आणवायची, त्यात विष घालायचं आणि बदलून द्या म्हणून परत पाठवायची. म्हणजे ती पुन्हा दुकानात विकली जाणार आणि दोष दुकानदाराच्या मालाला. जून १८७१ मध्ये चार वर्षांचा एक मुलगा गेला. फाशी सुनावली, नंतर ती रद्द होऊन ब्रॉडमूरच्या मनोरुग्ण तुरुंगात रवानगी. तिथेच १९०७ मध्ये मेली.

पानउतारातै, तुमच्या मांडणीत हे कुठे बसतं? इथे ताट कुणाकडे जातंय याची खुन्याला फिकीरच नाही. उलट ते कुणाकडेही जावं हीच योजना.

दुसरी गोष्ट तुमच्या बाजूची. वेल्सच्या सीमेवरचं हे-ऑन-वाय. हर्बर्ट आर्मस्ट्राँग हा वकील, आणि रस्त्याच्या पलीकडे समोरासमोर दुसरा वकील. व्यवहारावरून दोघांचं बिनसलेलं. ऑक्टोबर १९२१ मध्ये आर्मस्ट्राँगने त्याला घरी चहाला बोलावलं आणि लोणी लावलेला एक स्कोन (चहाबरोबरचा छोटा पाव) ताटलीतून न देता सरळ हाताने उचलून पुढे केला. हात लावतोय त्याची माफी असावी, असं वर म्हणाला! पाहुणा त्या रात्री ओकून ओकून बेजार. तपासणीत आर्सेनिक निघालं. मग त्याच वर्षी फेब्रुवारीत वारलेल्या आर्मस्ट्राँगच्या बायकोचं प्रेत उकरलं, तर त्यातही आर्सेनिक. बचाव काय, तर बागेतली तणं मारायला आणलं होतं. ३१ मे १९२२ ला फाशी.

यातला सगळ्यात भयंकर भाग स्कोन नाही. पोलिस गुपचूप पुरावा गोळा करत होते तेव्हा त्या दुसऱ्या वकिलाला काहीच ठाऊक नसल्याचा आव आणून वागावं लागत होतं, आणि आर्मस्ट्राँग त्याला पुन्हा पुन्हा चहाला बोलावत होता. समोरच्याच कचेरीतून. रोज नवं निमित्त शोधायचं. यावर नुसत्या निमित्तांची दीर्घकथा होईल.

पानउतारा:

स्कोनचं मला ठाऊक नव्हतं. ‘हाताने उचलून दिला’ यातच सगळं आलं की! ताटली फिरवली असती तर त्याला स्वतःलाही तोच स्कोन येण्याची भीती. म्हणून शिष्टाचार मोडला आणि मोडल्याची माफीही मागितली. खोटं लिहिलं असतं तर संपादकाने ‘फार उघड आहे’ म्हणून परत केलं असतं.

एडमंड्‌सबाईंपुढे मात्र हात टेकले. ज्याच्या ताटाचा ठावच नाही असा खून बंद खोलीत सुटत नाही, त्याला पोलिसांची फौज लागते. म्हणूनच बहुधा या लेखकांनी चॉकलेटं घेतली आणि दुकान सोडून दिलं.

मधलीसुट्टी:

वाढणाऱ्याशिवाय विष पोचवायचा आणखी एक मार्ग आहे, सवय. स्टाउटचीच ‘ख्रिसमस पार्टी’ (१९५७). ऑफिसातली मेजवानी, सगळे शॅम्पेन पितात आणि मालक एकटा पेर्नो हे बडीशेपेच्या चवीचं मद्य. हे सगळ्यांना ठाऊक. मग पेला बघायची, रांग लावायची गरजच काय? बाटलीत सायनाइड टाकून निघून जा. ज्याची आवड वेगळी तो एकटा पडतो.

आणि त्या मेजवानीत सांताक्लॉजच्या वेशात पेये देणारा माणूस कोण असतो ते वाचलं तेव्हा मी खुर्चीतून पडायची बाकी होते. सांगत नाही.

क्रिस्तीच्या ‘फोर अँड ट्वेंटी ब्लॅकबर्ड्‌स’मध्ये विष नाही, पण सवयीचीच गोष्ट आहे. एक म्हातारा वर्षानुवर्षं ठरल्या वारी त्याच हॉटेलात ठरलेलंच खातो. एका दिवशी वार चुकतो आणि नावडतं मागवतो. एवढ्यावरून पॉयरोच्या भुवया वर.

कडूजहर:

वरचा प्रतिसाद वाचून मी घरी चहा सोडून कॉफी सुरू करायचं ठरवलं होतं. मग लक्षात आलं की घरात कॉफी पिणारा मी एकटाच असेन.

शंकासुर:

😂

बरं, आता खरा आक्षेप. दीर्घकथेतच हे जमतं म्हणायचं तर एकच गोष्ट दोन्ही लांबींत लिहिलेली हवी, तरच तुलना. बर्कलीचं झालं. आणखी आहेत?

पानउतारा:

आहेत! दोन तरी नक्की, आणि दोघांची दिशा उलटी.

पहिली क्रिस्तीची ‘यलो आयरिस’ (१९३७). रेस्टॉरंटमधलं टेबल, चार वर्षांपूर्वी त्याच मंडळींत एकीचा शॅम्पेनमध्ये सायनाइड घेऊन मृत्यू झालेला, आता तीच माणसं पुन्हा जमवली आहेत. मोजक्या पानांत संपते. हिचीच १९४५ मध्ये ‘स्पार्कलिंग सायनाइड’ कादंबरी झाली. पॉयरो गेला, कर्नल रेस आला, खुनीसुद्धा बदलला. सुरुवातीला सहा जण मेलेल्या बाईला आठवतात, एकेक करून. हे फार सुरेख लिहिलंय, मी नाकारत नाही. पण टेबलापाशी पोचेपर्यंत मला तहान लागते.

दुसरी स्टाउटची, आणि ही कहाणी मजेशीर आहे. त्याने १९४० मध्ये ‘बॅड फॉर बिझनेस’ ही कादंबरी लिहिली. तिच्यात वुल्फ नाहीच, टेकमसे फॉक्स नावाचा दुसरा गुप्तहेर आहे. मासिकाला मात्र वुल्फ हवा होता. मग त्याने तेच कथानक आटवून वुल्फची दीर्घकथा केली: ‘बिटर एंड’, त्याच वर्षी ‘अमेरिकन मॅगझिन’मध्ये. पुस्तकात ती सर्वसाधारण वाचकाच्या हाती पडली थेट १९८५ मध्ये, लेखक जाऊन दहा वर्षं झाल्यावर.

आता बघा फरक. कादंबरीत डबाबंद पदार्थ बनवणाऱ्या एका कारखान्याच्या मालात कुणीतरी क्विनीन कालवतंय म्हणून तक्रारी येतात, मग चौकशी. दीर्घकथेत? फ्रिट्झ तापाने पडलाय, म्हणून घरात बाहेरचं खायची वेळ आली. वुल्फचा मदतनीस आर्ची याने बरणीतलं लिव्हर पाटे (पावाला लावायचं वाटलेलं यकृत) आणलं. वुल्फने घास घेतला. आणि थुंकला. एवढं कारण पुरलं. अशील नाही, पैसे नाहीत, त्याच्या जिभेचा अपमान झाला म्हणून तो कामाला लागतो! कादंबरीत ज्या कारणाला प्रकरणं लागली ते इथे एका घासात आलं.

खलबत्ता:

क्विनीनने तेवढ्यात कुणी मरत नाही, ही जमेची बाजू. विष नाही, नुसती कडू चव, तरी गोष्ट उभी राहते.

शंकासुर:

ठीक, ही मान्य. पण ती वुल्फमुळे मान्य, लांबीमुळे नाही. इतका जिभेचा चोचला असलेला दुसरा गुप्तहेर दाखवा.

पानउतारा:

😐 उत्तर नाही माझ्याकडे. बहुतेक तुमचं बरोबर आहे. माझ्या यादीत अर्ध्याहून जास्त वुल्फच भरलाय हे आत्ता मोजल्यावर कळलं. दीर्घकथेला जेवण मानवतं असं मी म्हणत होते, कदाचित जेवणाला वुल्फ मानवतो एवढंच खरं असेल. ३३ कादंबऱ्या आणि ४१ दीर्घकथा-कथा आहेत त्याच्या; नमुना तिकडे झुकणारच.

तरी एक सांगते. ‘मर्डर इज कॉर्नी’मध्ये (१९६४) विष नाही की मेजवानी नाही. शेतावरून ठरल्याप्रमाणे मक्याची कणसं येतात. तोडल्यापासून तीन तासांत घरी हवीत, सालासकट कडक भट्टीत चाळीस मिनिटं भाजायची, टेबलावर सोलायची, लोणी आणि मीठ, बास. त्या दिवशी कणसं उशिरा येतात आणि निवड चुकलेली, काही कोवळी, काही जून. बाकीच्यांना हा चोचला वाटेल. पण ज्याला निवडलेलं कणीस कसं असतं हे ठाऊक आहे त्यालाच कळणार की हे नेहमीच्या हाताने भरलेलं नाही. इथे अन्न खुनाचं हत्यार नाही, साक्षीदार आहे. हे मला विषापेक्षाही जास्त आवडलं.

दिवाभीत:

उशिरा आलो. या सगळ्यात ‘द ॲडव्हेंचर ऑफ द ख्रिसमस पुडिंग’चं (१९६०) नाव कसं नाही? पॉयरोच्या उशीवर चिठ्ठी: पुडिंग अजिबात खाऊ नका. बस्स. तिथून पुढे प्रत्येक घास वाचताना माझ्या पोटात गोळा. विष आहे की नाही ते शेवटी बघा, पण भीती एका चिठ्ठीने वाढली, फुकट. त्या संग्रहाच्या प्रस्तावनेत क्रिस्तीबाई स्वतःला आचारी म्हणवतात आणि कथांना मुख्य पदार्थ नि तोंडीलावणी अशी विभागणी करतात.

अर्धविराम:

मी भाषांतरं करते, म्हणून माझं दुखणं वेगळं. रहस्यभेद, रहस्यभेद, रहस्यभेद. ‘द ट्यूजडे नाइट क्लब’ (१९२७) वाचली नसेल तर हा नि याखालचा मजकूर ओलांडा.

क्रिस्तीच्या मिस मार्पल या गुन्हे उकलणाऱ्या म्हातारीची ही पहिलीच कथा. रात्रीच्या जेवणात डब्यातलं लॉबस्टर, ट्रायफल (केक-कस्टर्डच्या थरांचं गोड), पाव आणि चीज. घरातले तिघेही आजारी पडतात, बायको मरते, आर्सेनिक निघतं. सगळ्यांनी सगळं खाल्लेलं, मग तीच एकटी का? पुराव्यात टिपकागदावर उमटलेली नवऱ्याच्या पत्रातली तुटक अक्षरं, त्यात ‘शेकडो आणि हजारो’. ऐकणाऱ्या सगळ्यांना वाटतं पैशांचं काहीतरी. मार्पलबाईंना कळतं, कारण इंग्रजीत ट्रायफलवर भुरभुरायच्या रंगीत साखरदाण्यांना तेच नाव आहे. विष त्या दाण्यांत. बायकोची सोबतीण वजनाच्या काळजीने ट्रायफल खात नाही, नवरा वरचे दाणे बाजूला सारतो.

पानउताराचा हिशेब चोख आहे इथे: ताटं सारखी, पण कोण काय सोडणार हे आधीच ठाऊक. माझा प्रश्न मात्र हा की मराठीत हे करू कसं? ‘शेकडो हजारो’ म्हटलं तर दाणे आठवत नाहीत, ‘साखरदाणे’ म्हटलं तर पैसे आठवत नाहीत. तळटीप दिली की खेळ खलास. त्याच मालिकेतल्या दुसऱ्या एका कथेत तर मरणाऱ्याच्या तोंडचे मासळीबद्दलचे शब्द प्रत्यक्षात एका औषधाचं नाव असतं. तिथे मी पेन खाली ठेवलं.

पानउतारा:

@अर्धविराम, ‘खसखस’ चालेल का? पत्रात ‘…खसखस पिकेल’ असं तुटक उमटलं तर वाचणाऱ्याला वाटेल हास्यविनोद. म्हातारीला कळेल की ही खायची. वरून भुरभुरताही येते.

अर्धविराम:

अगं!! हे मी तीन महिने शोधत होते. शिवाय पैशाचा संशय जाऊन हसण्याचा येतो, म्हणजे त्या पत्रात प्रेमप्रकरणाचा वास राहतोच. आणि पांढऱ्या खसखशीत पांढरं आर्सेनिक दिसणारही नाही. वा.

खलबत्ता:

रंगाचा भंग करतो, माफ करा. ब्रिटनमध्ये १८५१ च्या आर्सेनिक कायद्याने दोन गोष्टी सक्तीच्या केल्या: विकणाऱ्याने वहीत गिऱ्हाइकाची नोंद आणि सही घ्यायची, आणि किरकोळ विकायच्या आर्सेनिकात काजळी किंवा नीळ मिसळायची, म्हणजे चुकून कुणी साखर-पीठ समजू नये. दुकानातून आणलेलं आर्सेनिक काळपट किंवा निळसर. पांढऱ्या खसखशीवर ते लगेच दिसेल. रंगीबेरंगी दाण्यांत निळा दाणा कुणाच्या डोळ्यांवर येणार? क्रिस्तीबाईंनी हे मोजूनमापून केलं असेल असा माझा तर्क आहे, पुरावा नाही.

अर्धविराम:

😭

शंकासुर:

थांबा. त्या घरातला नवरा रसायनांच्या कंपनीचा फिरता विक्रेता आहे. त्याला किरकोळ दुकानात कोण पाठवतंय? कंपनीतून शुद्ध पांढरंच उचलेल की. खसखस ठेवा.

खलबत्ता:

हं. ठेवा.